घरी बसून द्यायची परीक्षा

त्या शनिवारी सुबुओलानं वडे तळले नाहीत. इबादान शहरातल्या त्या गल्लीच्या तोंडाशी तिची कढई रोज उजाडायच्या आत चुलीवर चढायची. चवळीच्या वड्यांचा वास सुटला की मेकॅनिक, शिंपी, शाळेला उशीर झालेली पोरं अशी सगळी पाव हातात धरून तिच्याभोवती गोळा व्हायची. त्या दिवशी कढई पालथी पडली होती.

"काय गं इया अरिके, उपाशी मारतेस का आज आम्हाला?" समोरचा टायरवाला ओरडला. इया अरिके म्हणजे अरिकेची आई. लेक झाली त्या दिवसापासून गल्लीनं तिचं स्वतःचं नाव बाजूला ठेवून दिलं होतं.

"पोरीची परीक्षा आहे."

"मग पोरगी जाईल परीक्षेला. तुझ्या कढईनं काय घोडं मारलंय?"

"ती कुठे जात नाहीये. घरातच द्यायचीय. धूर नको, गर्दी नको, आवाज नको."

"घरात परीक्षा? माझ्या वेळी का नव्हती ही सोय? डॉक्टर झालो असतो मी," असं म्हणून तो पुन्हा टायरकडे वळला.

सुबुओला आत आली. घर लांबलचक होतं, मधून बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. नवऱ्याच्या कुळाचं घर. काही खोल्यांत दीर-जावा राहत होत्या, काहींत भाडेकरू. आदल्या दिवशी ती प्रत्येक दारात जाऊन गुडघे टेकून आली होती. रेडिओ बारीक ठेवा, पोरांना बाहेर खेळवा, मागच्या भिंतीला लागून असलेलं मिरची दळायचं यंत्र दुपारपर्यंत थांबवा. कुणी कुरकुरलं, कुणी थट्टा केली, पण सगळ्यांनी ऐकलं. सकाळपासून बोळात पाल चुकचुकली तर ऐकू यावी इतकं शांत होतं. बाहेर उत्तरेकडचा धुळीचा वारा सुटला होता आणि खिडकीतून येणारा उजेड राखाडी, आजारी दिसत होता.

तिच्या वाट्याला दोन खोल्या होत्या, एकात एक. आतली खोली पार रिकामी केली होती. कॅलेंडर उतरवलं, आरसा बाहेर काढला, अरिकेच्या वडिलांचा फोटोसुद्धा खिळ्यावरून काढून कापडात गुंडाळून ठेवला. कारण संगणकातून पाहणाऱ्या माणसाला भिंती मोकळ्या हव्या होत्या. त्या रिकाम्या खोलीत, बंद दाराआड, अरिके पांढरा ब्लाउज घालून बसली होती. दाराला कडी नव्हती. त्या घरात आतल्या दारांना कड्या नसायच्याच, आपल्याच माणसांपासून काय कोंडून घ्यायचं? कडीच्या जागी सुबुओला बसली. ठेंगणं स्टूल दाराला टेकवून, मांडीवर चवळीचं सूप घेऊन. सापडलेला खडा ती कापडावर ठेवत होती, ताटलीत टाकला तर वाजेल म्हणून.

आतून अरिकेचा आवाज येत होता. इंग्रजी. सुबुओलाला त्यातला शब्दही कळत नव्हता, पण आवाज कळत होता. मोकळा, न अडखळणारा, मान वर करून बोलणाऱ्या बाईचा आवाज. आपल्या लेकीचा असा आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता. ती ऐकत राहिली, चवळी निवडायचं विसरून.

तेवढ्यात बोळातल्या दारावर अंगठी वाजली. ठक, ठक, ठक.

ही परीक्षा घरात कशी आली, ते आधी सांगायला हवं.

अरिके मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. कॅनडातल्या एका विद्यापीठानं तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा दिली होती, फी माफ केली होती. अट एकच: इंग्रजी येतं याचा दाखला हवा, आणि तो ठरलेल्या तारखेच्या आत.

"पहिलीपासून इंग्रजीत शिकले, इंग्रजीच शिकवते, घरात चिडले तर भांडतेसुद्धा इंग्रजीत," अरिके फणकारली होती. "आणि यांना दाखला हवा!"

"हवा तर हवा. द्यायचा, विषय संपला," लानरे म्हणाला. लानरे तिचा आतेभाऊ, तिच्यापेक्षा लहान. मोकोला भागात त्याचं संगणकाचं दुकान होतं. लोकांचे परदेशी जायचे अर्ज भरून देणं हा त्याचा धंदा. "अर्धं इबादान मी विमानात बसवलंय ताई, आणि मी स्वतः अजून लागोसचा विमानतळ पाहिला नाही."

पहिल्यांदा तिनं आयेल्ट्स दिली. लिहिणं, वाचणं, ऐकणं उत्तम. समोरासमोर बसून बोलण्यात गुण कमी पडले, आणि नेमके तेवढेच कमी पडले जेवढ्यानं जागा अडते. ओसरीवर बसून तिघांनी त्याचा पंचनामा केला. सुबुओला पानात चवळीचं वाटण बांधत होती आणि ऐकत होती.

"विचारलं काय त्यानं?" लानरेनं विचारलं.

"मुलांनी मोठं झाल्यावर आईवडिलांपासून वेगळं राहावं का?"

"मग?"

"म्हटलं, घरची मोठी माणसं ठरवतील तसं."

"आणि?"

"तो म्हणाला, ते झालं, पण तुमचं मत काय? मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे सर."

"अगं पण तो काही बोललाच नव्हता!"

"केस पिकलेला माणूस होता रे. वडिलांच्या वयाचा. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून मी वाद घालू? मी टेबलाच्या पायाकडे बघत होते सगळा वेळ. चांगलं होतं टेबल."

लानरेनं कपाळावर हात मारून घेतला. "ताई, तुझं इंग्रजी झकास आहे. तुझी मान नापास झाली."

सुबुओला हसली, आणि हसताहसता तिला वाईट वाटलं. ती मान तिनंच वळवली होती. लहानपणी अरिकेनं कुणा मोठ्या माणसाकडे टक लावून पाहिलं की टपली कोण मारायचं?

मग निवड सुरू झाली. लानरेनं बोटं पुढे धरली. पुन्हा तीच परीक्षा द्यायची तर पुन्हा माणूस समोर, आणि पिकलेले केस कुणाच्या नशिबी कधी येतील सांगता येत नाही. दुसरी टोफेल. केंद्रात जाऊन मायक्रोफोनमध्ये बोलायचं, माणूस समोर नाही, पण विद्यापीठाच्या तारखेच्या आत लागोसला जागा शिल्लक नव्हती. तिसरी एक नवी होती. आपल्याच घरी, आपल्याच संगणकावर. प्रश्न यंत्र विचारतं, उत्तर यंत्राला द्यायचं. जगात कुठेतरी बसलेला एक माणूस कॅमेऱ्यातून नजर ठेवतो, पण त्याचं तोंड आपल्याला दिसत नाही. त्या विद्यापीठाला ती चालत होती.

"यंत्राचे केस पिकत नाहीत," लानरे म्हणाला. "त्याच्याशी भांड हवं तेवढं."

अरिकेला ते पटलं, पण ती कचरत होती. "घरी म्हणजे आपल्या घरी? इथे? खुर्चीवरून उठायचं नाही, चौकटीबाहेर जायचं नाही, खोलीत दुसरं माणूस दिसलं की खेळ खलास. या घरात मला आंघोळसुद्धा एकटीनं मिळत नाही."

तेव्हा पानाला दोरा आवळताना सुबुओलाच बोलून गेली, "तू बस निवांत. दार मी राखते."

आता ती अंगठी. ती कुणाची हे सुबुओलानं दार उघडण्याआधीच ओळखलं होतं.

वन्सं. तिच्या नवऱ्याची थोरली बहीण अबेके, लानरेची आई. इवोला राहायच्या, दीड-दोन तासांवर. नवी नवरी म्हणून सुबुओला या घराच्या उंबऱ्यावर उभी राहिली तेव्हा तिच्या पायांवर गार पाणी ओतणाऱ्या वन्संच होत्या. त्या दिवसापासून घरात आधी जन्मलेलं रांगतं पोरही तिच्याहून मोठं ठरलं. वन्सं तर कुळातली पहिली लेक. त्यांना नावानं हाक मारणं, त्यांच्यापुढे उभं राहून बोलणं, त्यांना नाही म्हणणं, यातलं काहीच तिनं कधी केलं नव्हतं. आणि नुसतं रीत म्हणून नव्हे. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. तो खोकत खोकत गेला तेव्हा दिरांना या दोन खोल्या हव्या होत्या. सुबुओलाचं बोचकं बोळात आलंसुद्धा होतं. वन्सं इवोहून आल्या, त्या बोचक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हिला काढायचं तर आधी मला उचला." कुणाची छाती झाली नाही. त्या दोन खोल्या, ती कढई, अरिकेची शाळा, सगळं त्या एका बसण्यावर उभं होतं.

घरातल्या प्रत्येक दारात जाऊन विनवणी करणाऱ्या सुबुओलाच्या मनात इवोचं दार आलंच नव्हतं.

तिनं दार उघडलं आणि तिचे गुडघे जमिनीला टेकले. "या वन्सं. प्रवास नीट झाला ना? घरी सगळी बरी?" ती कुजबुजली.

"कुजबुजतेस काय? गेलं का कुणी?" वन्संचा आवाज बोळाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. धुळीनं त्यांच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या, हातात चर्चमध्ये मंत्रून आणलेल्या पाण्याची बाटली होती. "रेडिओ नाही, पोरं नाहीत."

"नाही नाही, तसलं काही नाही. अरिकेची परीक्षा..."

"म्हणून तर पहाटेची गाडी पकडली! लानरेच्या तोंडून निघून गेलं काल. म्हटलं, डोक्यावर आत्याचा हात पडल्याशिवाय पोरगी परीक्षेला जाईलच कशी? गेली तर नाही ना?"

"चालू आहे वन्सं. आत. आत्ता."

"आत?" वन्संनी बंद दाराकडे पाहिलं, मग चवळीच्या सुपाकडे. "सुबु, मी शाळेत गेले नाही म्हणून मला परीक्षा माहीत नाही होय गं? मुलं घातलीत मी शाळेत. मोठा हॉल लागतो, रांगेनं बाकं लागतात, मास्तर फेऱ्या मारतो. तू दाराशी चवळी निवडतेस आणि आत परीक्षा? अभ्यास करत असेल शेवटचा. बरं झालं, वेळेवर आले."

सुबुओला गुडघ्यांवरच होती. तिला उठायला हवं होतं, न सांगता उठायला, आणि हात आडवा करायला. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीपुढे हात आडवा. तोंड तिनं उघडलं. "वन्सं, जरा..." एवढंच बाहेर आलं. वन्संच्या कमरेच्या जाड विणीच्या कापडाचा काठ तिच्या खांद्याला घासून पुढे गेला.

दारापाशी वन्संनी आवाज लावला. त्यांनी अरिकेला नुसती हाक मारली नाही, तिची ओरिकी म्हणायला घेतली: कुळातल्या बापजाद्यांची, त्यांच्या घोड्यांची, त्यांच्या विणकरांची, त्यांच्या लेकींच्या लांब मानेची स्तुती, लेकराला डोक्यावरून हात फिरवत म्हणतात ती. तान्हं असल्यापासून अरिकेनं ती याच आवाजात ऐकली होती. ती सुरू झाली की जिथे असाल तिथे गुडघे टेकायचे, मग तुम्ही मंत्री असा नाहीतर चोर.

आतलं इंग्रजी वाक्याच्या मध्येच तुटलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वन्संनी दार ढकललं तेव्हा अरिके खुर्चीवरून खाली उतरली होती, दोन्ही गुडघे जमिनीवर, मान खाली. टेबलावरच्या संगणकाच्या चौकटीत नुसती मोकळी भिंत दिसत होती, मग तीत वन्संचा डोक्याचा निळा रुमाल आला. एक परका आवाज दोनदा काहीतरी बोलला.

"या पेटीला सांग, जरा थांब म्हणावं. मोठं माणूस बोलतंय," वन्सं म्हणाल्या आणि बाटलीतलं पाणी त्यांनी अरिकेच्या केसांवर शिंपडलं. "जाशील तिथे दारं उघडतील. तुझ्या जिभेला यश येईल."

"आमेन, आत्या," अरिके म्हणाली.

पडदा पांढरा झाला.

दुपारी वन्सं जेवायला राहिल्या. सुबुओलानं कंदाच्या पिठाचा, अमालाचा गोळा घोटला, वर पालेभाजी आणि मासळीचं कालवण. अरिकेनं गुडघा टेकून आत्याच्या हातावर पाणी घातलं. वन्संनी पहिला घास मोडला आणि बोळातून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "बघा, एवढी शिकली, परदेशी निघाली, पण मी आत पाऊल टाकलं तशी पोर गुडघ्यांवर! शिकलेल्या पोरी नुसती मान हलवतात हल्ली. माझ्या भावाची लेक आहे ही." आत येऊन त्या सुबुओलाला म्हणाल्या, "तुझंच वळण हो हे." सुबुओलानं कालवणाचं भांडं पुढे केलं.

त्या गेल्यावर अरिकेनं वडिलांचा फोटो कापडातून काढला आणि पुन्हा खिळ्याला लावला. आरसा आत आणला. कॅलेंडर सरळ केलं. सुबुओला दारात उभी राहून पाहत होती. शिव्या दिल्या असत्या, भांडी आपटली असती तर बरं झालं असतं.

"माझे गुडघे मला विचारून गेले नाहीत, आई," अरिके एवढंच म्हणाली. "मला वाटलं होतं, यंत्र असलं म्हणजे जमेल."

निकालाच्या जागी आलं ते एक छोटं पत्र. उमेदवार चौकटीबाहेर गेला, खोलीत दुसरी व्यक्ती आली, परीक्षा रद्द. हवं असल्यास पुन्हा देता येईल.

लानरे तणतणत आला. "मीच मूर्ख. माझ्याच तोंडाला कुलूप नाही. आता जातो आणि आईला स्पष्ट सांगतो, तुझ्या पाण्यानं काय वाहून गेलं ते."

"खबरदार," सुबुओला म्हणाली. तिचा आवाज इतका चढलेला त्यानं कधी ऐकला नव्हता. "त्यांना हे कळता कामा नये. जन्मभर अन्न गोड लागणार नाही त्यांना."

"मग मामी, पुढच्या वेळी काय करायचं? विद्यापीठाच्या तारखेच्या आत अजून एक दिवस मिळतोय, या गुरुवारी. मी परस्पर नाव घालून टाकलंय."

"कशाला घातलंस?" अरिके वह्या तपासत होती, तिनं मान वर केली नाही. "कुठे देऊ? तुझ्या दुकानात? तिथे दर मिनिटाला कुणीतरी फोटो काढायला येतं. शाळेत खोली मागितली, मोठ्या बाईंनी नाही म्हटलं."

"हॉटेलात खोली घेऊ."

"म्हणजे स्वतःच्या घरात मला दोन तास मिळत नाहीत म्हणून मी हॉटेलात जायचं. आणि मग गल्लीत सांग, अरिके हॉटेलात कशाला गेली होती ते."

"कडी बसवू दाराला."

"आत्या बाहेरून हाक मारेल. हाक आली की मी उठणार. कडी दाराला बसेल, मला कुठे बसवशील?"

लानरेनं दाराची चौकट चाचपून पाहिली. मग खाली बघत म्हणाला, "अजून एक आहे. आईला कळलंय गुरुवारचं. मी नाही सांगितलं, माझ्या बायकोनं सांगितलं. आई म्हणते, मागच्या वेळी मी उशिरा पोचले, पोरीचा अभ्यास मोडला. या वेळी उजाडताच येते, आणि संपेपर्यंत दाराबाहेर बसून प्रार्थना करते. मोठ्यानं."

अरिके हसली. ते हसणं सुबुओलाला सोसवलं नाही.

"बघ," अरिके म्हणाली. "कोण थांबवणार आत्याला, आई? तू? रद्द कर रे लानरे नाव. या घरात सगळं आहे, 'नको' म्हणणारं माणूस तेवढं नाही. मीही नाही. त्या म्हाताऱ्या साहेबालासुद्धा मी 'नाही सर' म्हणू शकले नाही."

लानरेनं नाव रद्द केलं नाही, पण त्यानंतरचे दिवस वाईट गेले. वडे तळले जात होते, गिऱ्हाईक येत होतं, टायरवाला विचारत होता, "काय, पास झाली का घरातल्या घरात?" आणि सुबुओला तेलात वाटण सोडत होती. अरिके शाळेतून यायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या दोन खोल्यांत आधी दोघींची बडबड चालायची, आता पंख्याचा आवाज ऐकू यायचा. दाराआडून ऐकलेला तो मोकळा आवाज सुबुओलाच्या कानातून जात नव्हता. आपल्या लेकीत अशी एक बाई राहते हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि त्याच दिवशी ती बाई खुर्चीवरून खाली उतरली होती.

एक गोष्ट तिला पक्की कळत होती. गुरुवार नीट पार पडला तर अरिके जाईल. मग आतली खोली खरंच रिकामी होईल, आणि कढईवरून आल्यावर बोलायला कुणी उरणार नाही. नवऱ्यामागे उरलेलं एकुलतं एक माणूस आपण आपल्या हातानं दाराबाहेर काढणार. आणि त्यासाठी आपल्या बोचक्यावर बसलेल्या बाईला सांगायचं, की येऊ नका.

मंगळवारी तिनं कढई लवकर उतरवली, चवळीचं वाटण पानात बांधून उकडलेलं गरम मोइनमोइन डब्यात भरलं आणि इवोची गाडी धरली. अरिकेला सांगितलं नाही. रस्त्यावर धूळ इतकी की पुढच्या गाडीचे दिवे भर दुपारी लावलेले होते.

वन्सं ओसरीवर कलिंगडाच्या जातीच्या बिया सोलत बसल्या होत्या. त्यांना कमी दिसू लागलं होतं. बी बोटांनीच ओळखत होत्या.

"कोण? सुबु? अगंबाई! न सांगता?" त्यांचा चेहरा फुलला, मग लगेच बदलला. "कोण आजारी आहे?"

"कुणी नाही वन्सं. तुमच्यासाठी मोइनमोइन आणलं." ती गुडघ्यांवर बसली.

"अंडं घातलंयस ना आत? गेल्या खेपेला कंजूषपणा केला होतास."

"अख्खं घातलंय."

वन्संनी पान सोडलं, वाफ नाकात घेतली, एक तुकडा तोंडात टाकला. "माझ्या भावाला याचंच वेड होतं. मरायच्या आदल्या दिवशीसुद्धा मागितलं मेल्यानं." त्या थोडा वेळ चावत राहिल्या. "गुरुवारची तयारी आहे ना पोरीची? मी नवं पाणी आणून ठेवलंय. आणि या खेपेला मी मध्ये बोलणार नाही हं. बाहेर बसून नुसतं गाईन. तेवढाच तिला आधार. भाऊ असता तर तो बसला असता. त्याच्या जागी मी."

खरं सांगून टाकावं असं सुबुओलाच्या ओठांपर्यंत आलं. मागच्या वेळी काय झालं, पडदा कसा पांढरा झाला, सगळं. तिनं त्या बिया चाचपणाऱ्या बोटांकडे पाहिलं आणि ते गिळलं. लानरेचं नाव पुढे करता आलं असतं. वन्सं हसल्या असत्या आणि गुरुवारी उजाडताच दारात उभ्या राहिल्या असत्या. लेकीचं नाव सांगितलं असतं तर जन्माचं लागलं असतं. कुणाच्याही आडोशाला जायला जागा नव्हती.

"बोलत का नाहीस?" वन्संनी बी खाली ठेवलं. "काहीतरी आहे. कुणी पाठवलंय तुला? माझ्या त्या शहाण्यानं?"

"कुणी नाही. माझी मीच आलेय."

"मग ऊठ तरी. गुडघे गारठतील. वर बस आणि बोल."

सुबुओला उठली नाही. मान मात्र तिनं वर केली. इतक्या वर्षांत तिनं वन्संचे डोळे इतक्या जवळून पाहिले नव्हते; त्यांवर दुधासारखी साय आली होती. समोरचं तोंड त्यांना नीट दिसत नसावं, पण त्या त्याच दिशेला बघत थांबल्या होत्या.

"वन्सं, एकच मागायला आलेय," ती म्हणाली. "गुरुवारी सकाळी तुम्ही आमच्याकडे येऊ नका."